नऊ एक गुणिले नऊ एक: १२३४५६७८९८७६५४३२१ असंच का येतं? आणि दहावा एक जोडला की काय होतं?

छाया, देवळी तालुका

नमस्कार. माझा भाचा सहावीत आहे. त्यानं वहीच्या मागच्या पानावर हे लिहून आणलं:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं खाली खाली जात शेवटची ओळ नऊ एकांची:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

वरच्या चार ओळी त्यानं स्वतः गुणून काढल्या. खालच्या "अशाच येतील" म्हणून लिहिल्या. उत्तर बरोबर असेलही, पण "अशाच येतील" हे मला पुरेसं वाटत नाही. चार वेळा जे झालं ते पाचव्यांदा होईलच, असं कशावरून?

मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, दिवसभर संगणक समोरच असतो. गर्दी ओसरल्यावर एक्सेलमध्ये नऊ एकांचा वर्ग करून पाहिला. आधी १.२३४५७ई+१६ असं काहीतरी दिसलं. रकाना रुंद करून फॉरमॅट बदलला तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी दोन शून्यं! एकानं संपणाऱ्या संख्येला एकानं संपणाऱ्या संख्येनं गुणलं तर उत्तर एकानंच संपायला पाहिजे. म्हणजे ही शून्यं खोटी, हे तर उघड आहे.

मग दहा एक घेतले. आलं १२३४५६७९००९८७६५००००. आता इथं शेवटी चार शून्यं आहेत, ती मघासारखीच खोटी असणार. पण मधेही दोन शून्यं आहेत, आणि सातानंतरचा आठ कुठंच नाही. ही मधली गडबड खरी की तीही संगणकाचीच? भाचा विचारते, "मावशी, हे नऊवरच कायले थांबते?" मला उत्तर देता येत नाही, आणि त्याला "मोठा झाल्यावर कळेल" असं सांगायचं नाही.

आणखी एक. या संख्येत दिसण्यापलीकडं काही गुण आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगावं, वेळ लागला तरी चालेल.

गुरुजी, वर्धा

छायाताई, भाच्याला माझी शाबासकी सांगा. "पुरेसं वाटत नाही" म्हणालात, त्यासाठी तुम्हालाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गणित शिकवून निवृत्त झालो. हा गुणाकार वर्गात अनेकदा घेतला, आणि दरवेळी मुलांना पाठ्यपुस्तक मिटायला सांगून घेतला.

संगणक बंद करा. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अंक. आधी चार एकांचाच मांडा, शाळेत मांडतो तसा उभा:

```
      १ १ १ १
    १ १ १ १
  १ १ १ १
१ १ १ १
-------------
१ २ ३ ४ ३ २ १
```

प्रत्येक ओळ तीच आहे, फक्त एकेक घर डावीकडं सरकलेली. आता ओळी वाचू नका, उभे रकाने वाचा. एककाच्या रकान्यात एकच १. दशकाच्या रकान्यात दोन. शतकात तीन, हजारात चार. तिथून पुढं वरच्या ओळी संपत जातात, म्हणून तीन, दोन, एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एक उभे आहेत त्याची मोजणी. बाकी काही नाही.

नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात, आणि सर्वांत उंच रकान्यात नऊ एक उभे राहतात. बेरीज नऊ. एका घरात मावते. कुठंही हातचा येत नाही, म्हणून मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. पाचवी ओळ अशीच येईल का, सहावी येईल का, या तुमच्या शंकेचं उत्तर इथं आहे. नवव्यापर्यंत येणारच, कारण तोवर हातचा तयारच होत नाही.

आता दहा एक. दहाव्या रकान्यात दहा एक उभे राहतात. शून्य मांडा, हातचा एक. अकराव्यात नऊ एक आणि हातचा एक, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. बाराव्यात आठ आणि हातचा मिळून नऊ. इथं हातचा संपला. पुढं सात, सहा, पाच तसेच उतरतात. म्हणून खरं उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

मधली दोन शून्यं खरी आहेत, आठ नाहीसा झाला तेही खरं आहे. आठाच्या जागी हातच्यामुळं नऊ झाला. शेवटची चार शून्यं मात्र संगणकाची. एकाच उत्तरात खरं आणि खोटं शेजारी शेजारी बसलं होतं, म्हणून तुमचा गोंधळ होणं साहजिक होतं.

अंकांची बेरीजही भाच्याकडून करून घ्या. नऊ एकांच्या मांडणीत नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे एकूण ८१ एक. हातचा नाही म्हणजे एकही हरवला नाही. १+२+३+…+९+…+३+२+१ करून पाहा, ८१ च भरतात. दहा एकांत शंभर एक असतात, पण उत्तराच्या अंकांची बेरीज येते ८२. अठरा कुठं गेले? रकान्यातले दहा एक काढून पुढच्या घरात फक्त एक ठेवला की बेरजेतून नऊ कमी होतात. हातचा दोनदा गेला, दोन नव्वे अठरा. हा हिशेब जुळतो ना, तो क्षण मला आजही आवडतो. मुलांचे डोळे तिथंच मोठे होतात.

हिंगणघाटचा, सध्या पुण्यात

ताई, गुरुजींनी गणित सांगितलंच, मी फक्त एक्सेलचं सांगतो. मी सॉफ्टवेअरचं काम करून राहिलो, हा प्रकार रोजचा आहे.

त्यात चूक अशी काही नाही, जागेचा प्रश्न आहे. एक्सेल, अन् बहुतेक प्रोग्राम, एका संख्येला ठरावीक जागा देतात. त्या जागेत द्विमान पद्धतीचे, म्हणजे फक्त ० अन् १ वापरून लिहिलेले, ५३ अंक बसतात. दोनाचा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी लिहिता येते. त्याच्या पुढं, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या लिहिता येतात, विषमला जागाच नाही. तुमची संख्या नेमकी त्या पट्ट्यात पडते अन् ती विषम आहे. म्हणून आत साठवली जाते ती १२३४५६७८९८७६५४३२०, एकानं कमी. त्यावर एक्सेल दाखवते फक्त पहिले पंधरा अंक, बाकीच्या जागी शून्य. म्हणून ३००.

तुमच्या कामातही हे ध्यानात ठेवा. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा आकडा शून्य होते. रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर आकड्याच्या आधी एक एकेरी अवतरण चिन्ह (') द्या. मग ती संख्या न राहता नुसते अक्षर होते, काही बदलत नाही.

नेमका गुणाकार पाहायचा असन तर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करा. तिथं पूर्ण संख्येला लागेल तेवढी जागा मिळते. मी आत्ताच नऊ एकांचा अन् दहा एकांचा दोन्ही करून पाहिले, गुरुजींनी दिलं तेच आलं, शेवटच्या एकापर्यंत.

छाया, देवळी तालुका

गुरुजी, चौकटीची वही काढून दोघांनी मांडलं. दहा एकांच्या मांडणीत हातचा दुसऱ्यांदा येतो तिथं भाचा म्हणाला, "हा तर मागून ढकलत येऊन राहिला." मला वाटते त्याला समजलं.

खाते क्रमांकाचं सांगितलं ते बरं झालं भाऊ, टेक्स्टचं आम्ही करतो, पण का करतो ते आज कळलं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचं. या संख्येला कशाकशानं भाग जातो? तीननं जातो हे अंकांच्या बेरजेवरून दिसते. पुढं?

मेघा, आर्वी

छायाताई, हा भाग मला फार प्रिय आहे, मी सांगते. एमएस्सीला संख्या सिद्धांत घेतला तेव्हा पहिल्यांदा हाताशी धरलेली हीच संख्या.

वर्गाचे अवयव काढायचे तर वर्गमुळाचे काढले की झालं. म्हणजे नऊ एकांचे. नऊ एक हे तीन-तीनच्या गटात पाहा: १११ १११ १११. हे झाले १११ × १००१००१. पहिल्याचे अवयव ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तीननं भाग जातो: ३ × ३३३६६७. सगळं एकत्र:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आता ३३३६६७ आणखी फुटतो का? वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढं आहे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. त्या शंभरावर आहेत. पण एवढं करावं लागत नाही, आणि का लागत नाही हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

समजा एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, म्हणून नऊ एकांना भागते, म्हणून नऊ नऊंनाही (९९९९९९९९९, म्हणजे १० चा नववा घात वजा १) भागते. म्हणजे १० चा नववा घात तिनं भागला तर बाकी १ उरते. तिसऱ्या घातालाच बाकी १ उरते असं होईल का? तसं झालं तर १००१००१ ला भागून बाकी १+१+१ म्हणजे ३ येईल, आणि बाकी तर शून्य हवी, म्हणून ती संख्या ३ च असायला हवी. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीननं भाग जात नाही. तेव्हा बाकी १ पहिल्यांदा येते ती नवव्या घातालाच. आणि फर्माचं प्रमेय सांगतं की अशा मूळ संख्येतून एक वजा करून येईल तेवढा १० चा घात घेतला, तरी तिनं भागून बाकी १ च उरते; म्हणून त्या एक वजा केलेल्या संख्येला नऊनं भाग जायला हवा. ती विषमही आहे, म्हणून अठरानं.

म्हणजे तपासायच्या फक्त त्या मूळ संख्या, ज्यांना अठरानं भागून बाकी १ उरते: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा भागाकार. एका संध्याकाळी हातानं होतात. १९ नं भागून बाकी ८ येते, ३७ नं भागून बाकी १. एकानंही नि:शेष भाग जात नाही. ३३३६६७ ही मूळ संख्याच.

म्हणून तुमच्या मोठ्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. विभाजक किती? तीनचे घात शून्यापासून चारपर्यंत पाच प्रकारे घेता येतात, ३७ चे तीन, ३३३६६७ चेही तीन. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण जोड्या लावताना वर्गमूळ स्वतःशीच जोडी करते.

एक गंमत राहिली. अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ नं या संख्येला पुरता भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. उलट ८१ नं गुणा: ९९९९९९९९८००००००००१ येतात, तो नऊ नऊंचा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भागा किंवा गुणा, पूर्ण वर्गच हाती येतो.

गुरुजी, वर्धा

मेघा, फार सुंदर लिहिलंस. शंभरावर भागाकार सतरावर आणायचे, यालाच मी गणित म्हणतो.

तू १२३४५६७९ चा उल्लेख केलास, तिथं थोडं थांबावंसं वाटतं. छायाताई, पाहा, या संख्येतही आठ नाही. दहा एकांच्या वर्गातही आठ नव्हता. दोन्हीकडं त्याला घालवणारा हातचा एकच आहे.

एक भागिले नऊ म्हणजे ०.११११…, न संपणारे एक. त्याचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्याऐंशी. मांडणी तशीच, फक्त ओळींना शेवट नाही. रकान्यांत १, २, ३ असं चढत चढत ९, मग १०, ११, १२, आणि उतार कधीच येत नाही. दहाच्या रकान्यातला एक डावीकडच्या नवाला दहा करतो, तो दहा आठाला नऊ करतो. म्हणून

१ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

पुढंही तेच नऊ अंक पुन्हा पुन्हा. भाच्याला ८१ नं लांब भागाकार करायला लावा. आठ गळतो तो स्वतः पाहू द्या.

आणि स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद संख्या' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं. जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर होते. ६१७४ या स्थिरांकामुळं (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते) आता जगभर त्यांचं नाव घेतात. तुमच्या भाच्याच्या वहीतल्या या ओळींचाही त्यांनी अभ्यास केला आणि अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना सुचली त्याचं ते जुनं नाव, आजचं डोंबिवली. विद्यापीठात नोकरी नाही, संशोधनाची कुठली पदवी नाही, आणि आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिलेला माणूस. आमच्यासारख्या शाळामास्तरांना त्यांचा किती आधार वाटला हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्याच्याही आधी, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त एकापासून सहापर्यंत चढून उलट क्रमानं उतरणारी संख्या सांगितली आहे, म्हणजे १२३४५६५४३२१. ती सहा एकांचा वर्ग. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाचा ९४० सालचा ताम्रपट तुमच्या देवळीला सापडला आहे. हा विषय आपल्या भागाला परका नाही.

वाचायची कशी, हेही भाचा विचारेल. कोटी-अब्जापुढं मुलं अडखळतात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत स्थानांची नावं दिली आहेत, त्यांनी वाचली तर संख्या अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक, एक. सतरा अंक, सतरा नावं. मोठ्यानं म्हणायला लावा.

छाया, देवळी तालुका

म्हणून घेतली. आता तो अंगणात जलधी, शंकू करत फिरून राहिला.

पण एक नवीन प्रश्न घेऊन आला आहे. दोन्हीकडं सारखेच एक का घ्यायचे? त्यानं एकीकडं तीन आणि एकीकडं नऊ घेऊन मांडलं:

१११ × १११११११११ = १२३३३३३३३२१

हे बरोबर आहे ना? आणि मग एकीकडं नऊ ठेवून दुसरीकडं दहा घेतले तरी मोडेल का? मी पेनानं मांडायला बसणारच होते, तेवढ्यात दाखल्यांसाठी लोक आले.

मेघा, आर्वी

बरोबर आहे, आणि प्रश्न फार नेमका आहे. तीन ओळी असल्या की कुठल्याही रकान्यात तीनपेक्षा जास्त एक उभे राहूच शकत नाहीत. म्हणून तीनपर्यंत चढ, मग सपाट, मग उतार. सपाट भाग किती लांब, ते दुसऱ्या संख्येवर.

तेव्हा नऊ आणि दहा घेतले तर मोडत नाही. ओळी नऊच राहतात, सर्वांत उंच रकाना नऊचाच:

१११११११११ × ११११११११११ = १२३४५६७८९९८७६५४३२१

मधे नऊ दोनदा. दुसरीकडं शंभर एक घ्या, हजार घ्या, मधले नऊ वाढत जातील, हातचा येणार नाही. मोडायला दोन्हीकडं किमान दहा लागतात. एक्सेलमध्ये मात्र पाहू नका, वहीतच मांडा.